पाहुण्यांसाठी मारलेलं गवत

‘स्वच्छ’ हा शब्द कुणी शेताबद्दल उच्चारला की माझं डोकं फिरतं. घर स्वच्छ असावं, भांडी स्वच्छ असावीत, माणसाने पाहुणे यायच्या दिवशी तरी मानेमागून ओला हात फिरवावा, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वावर स्वच्छ? आमच्या गिरणाकाठच्या गावात शेताला वावर म्हणतात, आणि ज्याच्या वावरात पिकाशिवाय हिरवं पातं दिसत नाही तो मोठा शेतकरी ठरतो. उन्हात भाजलेली, उघडी जमीन. तिचं मुंडण करून तिला चौकात उभं केल्यासारखी. आणि बांधावरून जाणारे लोक मान डोलावत म्हणतात, ‘‘काय वावर शे! आरसा शे आरसा!’’

या आरशात माझा थोरला भाऊ रोज स्वतःचं तोंड बघतो. सारं गाव त्याला नाना म्हणतं, मीही म्हणतो. याच आरशापायी त्याने गेल्या वर्षी माझं गवत मारलं. राग उतरल्यावर लिहायला बसावं, असं शहाणे लोक सांगतात. मी बरीच वाट पाहिली. उतरत नाही. तेव्हा रागातच लिहितो.

आधी माझी लायकी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी चाळीसगावला जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. कार्बनला चार हात असतात, तो कुणाकुणाचे हात धरतो, कुठे एकेरी धरतो, कुठे दुहेरी, हे फळ्यावर काढून काढून माझ्या खडूचा भुगा झाला. पण ज्या जमिनीच्या उत्पन्नावर मी शिकलो त्या जमिनीत हा चार हातांचा गृहस्थ कुठून येतो आणि कुणाच्या घरी उतरतो, असं एखाद्या पोराने विचारलं असतं, तर मी त्याला ‘हे अभ्यासक्रमात नाही’ म्हणून खाली बसवलं असतं. सुदैवाने कुणी विचारलं नाही. निवृत्त झालो आणि नानाला शेतीत मदत करायला गावी आलो. ‘मदत’ हा माझा शब्द. नानाचा शब्द वेगळा होता.

‘‘पेन्शन खाईसन वावर नासाडाले उना हाऊ,’’ म्हणजे वावर नासवायला आलाय हा, असं तो पारावर सांगायचा. मी जवळ बसलेलो असताना.

आमची केळी आहे, सगळी ठिबकवर. आल्या आल्या मी मातीची तपासणी करून घेतली, कारण मास्तरला काहीतरी तपासल्याशिवाय झोप येत नाही. उत्तर आलं: सेंद्रिय कर्ब अत्यंत कमी. मी ते घेऊन तालुक्याच्या कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चष्म्याकडे पाहिलं, आणि मागच्या फळीवरून काळ्या पाण्याचा कॅन काढून समोर ठेवला. ‘‘सर, हाच तुमचा कर्ब. लिक्विडमध्ये.’’ कार्बन शिकवण्यात हयात घालवलेला माणूस तो कॅन छातीशी धरून घरी आला. रंग काळा म्हणजे कार्बन असणारच, एवढंच ज्ञान त्या क्षणी माझ्यापाशी शिल्लक होतं. पुढच्या तपासणीत आकडा जिथे होता तिथेच होता. काळा डाग मात्र माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आजही आहे.

मग मी मोबाइलवर एक लेख वाचला. अर्धाच वाचला, कारण तेवढ्यात चहा आला. त्या अर्ध्या लेखात लिहिलं होतं की झाडाची मुळं मातीतल्या सूक्ष्मजीवांना साखर देतात. बस्स. चहा संपायच्या आत माझी योजना तयार. मुळं साखर देतात ना? मग आपण गूळच देऊ, सरळ, भरपूर, मुळांना कशाला त्रास! नाना बाजाराला गेलेला पाहून मी ड्रममध्ये गूळ कालवला आणि ठिबकच्या नळ्यांतून साऱ्या केळीला सोडला.

सूक्ष्मजीव खूश झाले की नाही ते माहीत नाही, पण जे आले ते डोळ्यांना दिसत होते. आधी मुंगळे आले. मग रानडुकरं आली आणि त्यांनी गोड मातीच्या आशेने नळ्यांसकट जमीन उकरली. ज्या नळ्या वाचल्या त्यांच्या आत शेवाळासारखा बुळबुळीत लगदा धरला आणि पाण्याचं एकूण एक भोक बंद झालं. नाना पुढचे कित्येक दिवस उकिडवा बसून सुईने भोकं मोकळी करत होता. मी शेजारी बसलो की तो सुई माझ्या दिशेने धरायचा. गावात मी कुठेही गेलो की कुणीतरी हात पुढे करायचं, ‘‘मास्तर, प्रसाद शे का थोडासा?’’

तेव्हा वहिनींनी, म्हणजे नानाच्या बायकोने, तोडगा काढला. ‘‘त्यास्ले वरनी पट्टी दी टाका खेळाले. मंग बाकीनं वावर वाची जाई.’’

अशी मला वरची पट्टी मिळाली. लहान पोराला खुळखुळा देतात तशी. पण मिळाली.

या वेळी मी अर्ध्या लेखावर उडी मारली नाही. धुळ्याला माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत माझी एक जुनी विद्यार्थिनी काम करते. वर्गात ती इतके प्रश्न विचारायची की घंटा झाली तरी माझा तास संपायचा नाही. तिच्यासमोर जाऊन बसलो आणि गुळाची गोष्ट सांगितली. ती हसून हसून टेबलाला टेकली. मग डोळे पुसून म्हणाली, ‘‘सर, तुम्ही लग्नाची पंगत उठवलीत. जे भुकेले होते ते धावले, हादडलं, वाढले, आणि गूळ संपल्यावर मेले. मूळ असं करत नाही. मूळ रोजची खानावळ चालवतं.’’

‘‘खानावळ?’’

‘‘हो. पान हवेतला कार्बन घेतं, उन्हात त्याची साखर करतं. त्यातला चांगला मोठा वाटा खाली मुळाला जातो. आणि मूळ तो सगळा स्वतः खात नाही. टोकाशी थोडी साखर, थोडी आम्लं, थोडा चिकट रस असं सतत मातीत सोडत राहतं. मुळाभोवतीचे जिवाणू आणि बुरशी त्यावर जगतात.’’

‘‘फुकट?’’

‘‘फुकट कशाला, सर! बुरशीचे धागे जिथे मूळ पोचत नाही तिथे जातात आणि तिथून स्फुरद आणून देतात. जिवाणू नत्र मोकळं करून देतात. जेवायचं तर बाजार करून आणावा लागतो.’’

‘‘आणि जमिनीत जो कर्ब साठतो, तो?’’

‘‘सगळा साठत नाही. बराचसा ते श्वासातून परत हवेत सोडतात, आपल्यासारखंच. पण हे जीव मरतात तेव्हा त्यांची शरीरं, त्यांचा डिंकासारखा चिकटा मातीच्या बारीक कणांना धरून बसतो. तो टिकतो. वर टाकलेल्या पाचोळ्यापेक्षा मुळातून आत गेलेलं जास्त टिकतं, असं आम्हाला दिसतं. तुमच्या कॅनमध्ये तो येत नाही, सर. तो आतल्या आत, एकाच्या हातून दुसऱ्याच्या तोंडात जातो.’’

चार हात. जन्मभर फळ्यावर काढलेले.

‘‘केळीला मुळं आहेतच की,’’ मी शेवटचा किल्ला लढवला.

‘‘आहेत. पण दोन ओळींमधली एवढी रुंद जागा तुम्ही उघडी ठेवता. तिथे खानावळ बंद. मग तिथले जंतू काय खातील? जुनं साठवलेलं. म्हणजे तुमचाच कर्ब. तिथे काहीतरी जिवंत असू द्या. गवत चालेल, चवळी चालेल. गवताचं मूळसुद्धा खानावळच चालवतं, फक्त दारावर पाटी नसते.’’

परतीच्या एसटीत मी खिडकीतून बाहेर बघत होतो, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आरसेच आरसे. कापूस निघालेलं वावर: पऱ्हाटी मुळापासून उपटून, ढीग करून पेटवलेली. ऊस निघालेलं वावर: काळं. फळबाग: झाडाखाली झाडलेलं अंगण. एवढ्या मोठ्या मुलखातल्या खानावळी बंद करून आम्ही कृषी केंद्रातून कॅन विकत घेतोय! धुळे ते गाव असा सबंध प्रवास मी दात खात केला. शेजारच्या बाईने मला पोट दुखतंय समजून ओव्याची पुडी दिली.

तर वरची पट्टी. मी तिथे गवत येऊ दिलं. ते घोट्यावर आलं की यंत्राने कापायचो आणि तिथेच अंथरायचो, मुळं मात्र जिवंत. मधेमधे चवळी टाकली. पहिल्या हंगामात काहीच दिसलं नाही, फक्त नाना बांधावर उभा राहून मोठ्याने खोकायचा. दुसऱ्या हंगामात गवताचा एक ठोंब उपटला आणि बघत राहिलो. मुळांना माती चिकटलेली, हातांवर बाह्या चढवल्यासारखी. झटकली तरी सुटेना. नानाच्या बाजूचं ढेकूळ मी पाण्याच्या ग्लासात टाकलं, ते क्षणात विरघळून चिखल झालं. माझ्या पट्टीचं ढेकूळ पाण्यात बसून राहिलं, पाणी जवळजवळ नितळ. मी ते दोन ग्लास घेऊन घरभर फिरलो. वहिनी म्हणाल्या, ‘‘ते ग्लास चहाना शेतस.’’

खोटं सांगणार नाही, माझे केळीचे घड नानाच्या घडांपेक्षा मोठे नव्हते. सारखेच होते. नाना ते दर आठवड्याला मला ऐकवायचा. पण पाऊस झाला की त्याच्या ओळींत पाणी तुंबायचं आणि माझ्या पट्टीत मुरायचं, हे तो बघायचा आणि त्यावर अजिबात बोलायचा नाही. नाना ज्यावर बोलत नाही ते त्याला पटलेलं असतं, एवढं मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आणि मग पाहुणे आले. म्हणजे आले नाहीत, येणार असं ठरलं.

नानाच्या मुलाचं, माझ्या पुतण्याचं, लग्न जमत नव्हतं. पोरगा शिकलेला, शेती करणारा, स्वभावाने गाय. पण ‘शेती करणारा’ म्हटलं की समोरचा फोन ठेवून देतो, हे हल्ली सगळ्या गावांत आहे. अशात फैजपूरहून स्थळ आलं. तिकडचे लोक पिढ्यानपिढ्या केळीवाले. मुलीच्या बापाने सांगितलं, रविवारी येतो, घर बघू, वावर बघू. आमच्याकडे मुलगी देताना घरातली भांडी एक वेळ बघत नाहीत, वावर बघतात.

त्या दिवसापासून नानाने माझ्या पट्टीवर डोळा ठेवला.

‘‘ते केळीवाला शेतस. तुनं जंगल देखीसन पोर देतीन का?’’

‘‘नाना, जंगल नाही ते. मी शनिवारी बारीक कापून देतो. गालिचा करून देतो.’’

‘‘गालिचा! मास्तर, तू घरमा गालिचा टाक. वावरमा वावर ठेव.’’

‘‘तिकडे नेऊच नकोस त्यांना.’’

‘‘पाहुना बरोबर तठेच जास.’’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘मना पोऱ्यानं लगन शे. तुले पोऱ्यापेक्षा गवत मोठं का?’’

मी पुन्हा म्हणालो, कापून देतो, मारू नको, कापल्याने मुळं जगतात, मारल्याने मरतात. नानाने मान हलवली. मी त्या मानेवर विश्वास ठेवला. जन्मभर वर्गातल्या माना हलताना पाहिलेल्या माणसाने! हललेली मान म्हणजे ‘कळलं’ नसतं, ‘आता गप्प बसा’ असतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असायला हवं होतं?

दुसऱ्या दिवशी मी पट्टीतली माती पिशव्यांत भरून धुळ्याला गेलो. विद्यार्थिनीने तपासायला घेतली, वास घेतला आणि म्हणाली, ‘‘सर, ही माती जिवंत आहे.’’ शिक्षकाला असं प्रमाणपत्र देणारी विद्यार्थिनी मिळाली की त्याची छाती किती फुगते म्हणून सांगू! मी एसटीत उभ्याने आलो, बसायचं भानच नव्हतं.

दुपारी फाट्यावर उतरलो आणि वावराच्या दाराशीच वास आला. औषधाचा. पट्टीच्या पार टोकाला एक मजूर पाठीवर पंप घेऊन शेवटची ओळ मारत होता. तणनाशक. पंप माझा होता. बॅटरीवरचा. मी तो ताक फवारायला विकत घेतला होता.

नाना विहिरीजवळ बसून तंबाखू मळत होता. ‘‘व्हई गयं,’’ तो म्हणाला. ‘‘आते साफ दिखी.’’

मी काय काय बोललो ते इथे लिहिता येत नाही. जे लिहिता येण्यासारखं होतं ते एवढंच, ‘‘तू मान हलवली होतीस!’’

‘‘मान मनी शे,’’ नाना म्हणाला.

मग मी जे केलं ते माझ्या साऱ्या मूर्खपणांत वरच्या ओळीत बसेल. औषध पानावर पडतं, पानातून आत शिरतं आणि साखरेच्याच वाटेने मुळात उतरतं. ज्या वाटेने खानावळीचं जेवण जातं त्याच वाटेने विष! हा विचार आला आणि माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. पानं धुतली तर? मी फवारणीचा मोठा पाइप ओढला, मोटर चालू केली आणि गवत धुवायला लागलो. पातं न् पातं. भांडी घासतात तसं. केळीच्या ओळींत चिखल, चपला कुठे राहिल्या त्याचा पत्ता नाही, आणि बांधावर जमलेलं गाव.

‘‘मास्तर, साबण देऊ का?’’

‘‘मास्तर, प्रसादना टाईमले अशी धुवाई करती तर?’’

मी कुणाकडे न बघता धूत राहिलो. आणि धुवायला सुरुवात कुठून केली? पट्टीच्या अलीकडच्या टोकापासून. जिथे त्या मजुराने सकाळी, सगळ्यात आधी मारलं होतं. तिथलं औषध केव्हाच पानांच्या आत जाऊन बसलं होतं. ज्या ओळी नुकत्या ओल्या झाल्या होत्या, ज्या खरंच वाचल्या असत्या, त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. कोणती क्रिया आधी सुरू झाली आणि कोणती अजून थांबवता येते, हे मी मुलांना परीक्षेत विचारायचो, आणि चुकलं की लाल शाईने गोल करायचो. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी पट्टीच्या मध्यावर होतो. धावत टोकाला गेलो, पाइप वळवला, दोन-चार ओळी कशाबशा भिजवल्या, आणि शेतीची वीज गेली.

रविवार उजाडेपर्यंत पट्टीचा निकाल लागला. अलीकडचा मोठा भाग पिवळा, जळका. मधे ठिगळं. आणि टोकाला थोडं हिरवंगार, खुशाल. खरूज झालेल्या कुत्र्याच्या पाठीसारखी जमीन दिसत होती. नानाला हवा होता आरसा, मला हवी होती खानावळ. आम्ही दोघांनी मिळून हे कुत्रं तयार केलं होतं.

पाहुणे आले. मुलीचा बाप, मामा आणि दोन बायका. पोहे झाले, चहा झाला, आणि मंडळी वावराकडे निघाली. नानाच्या ओळी बघून बाप म्हणाला, ‘‘वा! काय स्वच्छ ठेवलंय हो.’’ नानाची मान ताठ. मी ओठ चावले. आणि पाहुण्याचे पाय, नाना म्हणाला होता तसेच, वरच्या पट्टीकडे वळले.

‘‘हे काय झालंय? रोग पडला का?’’ मुलीचा बाप म्हणाला. केळीवाला माणूस तो, रोगाचं नाव काढताना त्याचा आवाजच बदलला.

‘‘रोग नही, रोग नही,’’ नाना घाईने म्हणाला. ‘‘गवत व्हतं. साफ करं.’’

‘‘मारलं,’’ मी म्हणालो.

‘‘मास्तर, तू घर जा.’’

‘‘जिवंत होतं, ते मारलं. तुम्ही येणार म्हणून मारलं. तुम्हाला दिसायला बरं वाटावं म्हणून!’’

‘‘आमच्यामुळे?’’ मामा चमकला.

मी गप्प बसायला हवं होतं. पुतण्या मागे उभा राहून मला डोळ्यांनी विनवत होता. पण मी पळत घरी गेलो, वहिनींनी पाहुण्यांसाठी काढलेले काचेचे ग्लास उचलले, पाणी भरलं, दोन ढेकळं टाकली आणि सगळं परातीत घेऊन आलो. एकात चिखल, एकात नितळ. आणि मी मुळांपासून जंतूंपर्यंत सगळा धडा सुरू केला. खानावळ, बाजार, डिंक, श्वास. पाहुण्यांसमोर, उभ्याने, चिखलात. मामाने परात दिसली तशी सवयीने एक ग्लास उचलला. नितळ होता तो. ओठापर्यंत नेला, मग आतलं ढेकूळ दिसलं आणि त्याने तो सावकाश परत ठेवला.

‘‘तुन्हामुळे हाई बठ्ठं व्हयनं!’’ नाना ओरडला. ‘‘गवत ठेवं तूच!’’

‘‘आणि पिवळं केलं कुणी?’’

‘‘पिवळं व्हयनं ते व्हयनं, पण अर्धं कसाले धुयं? बठ्ठं मरू देता ते एकसारखं तरी दिखतं!’’

इथे मला एक कबूल करावं लागेल, त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं.

मुलीच्या बापाने दोन्ही हात वर केले. सभ्य माणूस. ‘‘असं करा,’’ तो म्हणाला, ‘‘आधी तुम्हा दोघा भावांचं जमू द्या. मग पोरांचं बघू.’’ आणि मंडळी गाडीत बसली. कळवतो म्हणाले. फोन आला नाही.

घरात नाना माझ्याशी बोलेना, मी नानाशी बोलेना. वहिनी दोघांशीही बोलेनात, फक्त ताट आपटायच्या. माझं जरा जास्त जोरात, कारण ग्लासाचं प्रकरण. पुतण्या एकटाच हसला. ‘‘काका, मला बघायला आलेले आणि चर्चा सगळी गवताची. मी कसा दिसतो हे त्यांना आठवतही नसेल.’’ मला त्याची मान खाली गेलेली परवडली असती. ते हसणं परवडलं नाही.

मी धुळ्याला विद्यार्थिनीला फोन लावला. ‘‘सर, मुळं मेली की एक शेवटची पंगत होते,’’ ती म्हणाली. ‘‘मेलेलं मूळ जंतू खातात. काही दिवस तुम्हाला वाटेल, सगळं ठीक आहे. मग शुकशुकाट. तेव्हा वेळ घालवू नका, बी टाका. नवं मूळ आलं की ते परत जेवायला घालायला लागेल.’’

‘‘होतं तसं कधी होईल?’’

‘‘सर, मी असं विचारलं की तुम्ही काय म्हणायचात?’’

‘‘खाली बस म्हणायचो.’’

‘‘हं,’’ ती म्हणाली.

आता माझ्या मनातली घाणेरडी गोष्ट सांगतो. मला वाटायला लागलं की पुतण्याचं लग्न लवकर जमू नये. स्थळ आलं की पाहुणे आले, पाहुणे आले की स्वच्छता आली, स्वच्छता आली की पंप आला. पोरगा बिनलग्नाचा राहिला तर माती जगते! सख्ख्या पुतण्याबद्दल असा हिशेब करणारा काका मी, आणि वर नानाला दगडी काळजाचा म्हणणारा. पंपाची बॅटरी काढून मी माझ्या कपाटात, गरम कपड्यांच्या खाली ठेवली. तालुक्यात दर चार दुकानांमागे एका दुकानात तसाच पंप मिळतो, हे ठाऊक असून.

आणि बोदवडहून निरोप आला. दिवाळी झाली की बघायला येतो.

नानाने तो निरोप मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने वहिनींना सांगितला. मग पंप ठेवायच्या खोलीत जाऊन बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

मी वरच्या पट्टीवर जाऊन बसलो. टोकाच्या हिरव्या ओळींकडे बघत होतो, रागाने डोकं भणभणत होतं. आणि बघता बघता एक गोष्ट दिसली जी इतकी वर्षं दिसली नव्हती. फैजपूरच्या माणसाने हिरवं बघून तोंड वाकडं केलं नव्हतं. नानाची केळी हिरवीच होती. त्याला खटकलं होतं ते अस्ताव्यस्तपण. आमच्या लोकांच्या डोळ्याला ओळ लागते. ओळीत उभं असलं की पीक, ओळ सोडून उगवलं की घाण. मूळ काय करतंय ते कुणी बघत नाही. ओळ बघतात! या एवढ्याशा गोष्टीवर माझी दोन हंगामांची माती मेली होती. मला हसू यायला हवं होतं. मला दगड मारावासा वाटला, आणि कुणाला मारावा ते कळेना.

चाळीसगावला जाऊन तागाचं बी आणलं. ताग सरळसोट वाढतो, पिवळी फुलं येतात, मुळं भरपूर. सकाळीच दोन खुंट्या, दोरी आणि बी घेऊन पट्टीवर गेलो. केळीच्या दोन ओळींमधल्या जागेत एक खुंटी ठोकली, दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला जाऊन ताणली, परत आलो, वाकलो, बी टाकायला लागलो. चिडलेलो होतो. मातीला जगवायचं तर तिला पाहुण्यांसाठी नटवायचं, भांग पाडून बसवायचं, ही काय पद्धत झाली?

नाना बांधावर येऊन उभा राहिला. खोकला. पाहुणे गेल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

‘‘हाई काय शे?’’

‘‘पीक.’’

‘‘कसानं पीक?’’

‘‘ताग. बोदवडवाले विचारतील तर सांग, बियाण्याचा प्लॉट आहे. दिवाळीपर्यंत फुलेल. पिवळं दिसेल, सगळं एकसारखं. तुला एकसारखं हवं होतं ना?’’

त्याने पट्टी वरपासून खालपर्यंत बघितली. जळका भाग बघितला, ठिगळं बघितली, टोकाच्या हिरव्या ओळी बघितल्या.

‘‘आनि ते हिरवं?’’

‘‘त्याला हात लावायचा नाही. लावलास तर मी बोदवडवाल्यांसमोर पुन्हा ग्लास आणीन.’’

‘‘ग्लास फोडी टाकात तुन्ही वहिनीनी,’’ नाना म्हणाला. मला ते माहीत नव्हतं. ‘‘बॅटरी कोठे शे?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘खोटा.’’

मी वाकून बी टाकत राहिलो. तो जाईल असं वाटलं. तो गेला नाही. एक डोळा मिटून त्याने दोरीच्या रेषेत पाहिलं, चार शिव्या हासडल्या, आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माझी खुंटी उपटली.

‘‘इतलं शिकना नि एक ओळ सरळ येत नही! पाहुना काय म्हनतीन? वाकडी शे. धर तथून, ताण.’’

मी दोरी ताणली. हातभर बाजूला सरकून त्याने खुंटी ठोकली, माझ्याकडे न बघता.